तीन वर्षं राहिलीस, पण त्यातली धरली किती?

पत्र थोडक्यात: त्रिमूर्तीनगरात वाढलेली, नागपुरातच सिव्हिल इंजिनिअरिंग केलेली 28 वर्षांची वाचक सप्टेंबर 2022 मध्ये एमएससीसाठी इंग्लंडला गेली. शिक्षणानंतर दोन वर्षांचा ग्रॅज्युएट व्हिसा मिळाला, तो येत्या फेब्रुवारीत संपतो. सध्या कॉव्हेंट्रीत एका कन्सल्टन्सीत ज्युनिअर इंजिनिअर आहे. कंपनी 34,500 पौंडांवर स्किल्ड वर्कर व्हिसा द्यायला तयार आहे, पण पगार फारसा वाढेल असं तिला वाटत नाही. धरमपेठेतला एक एजंट 14 लाखांत जास्त पगाराची 'पक्की सीओएस' (व्हिसासाठी लागणारं मालकाचं स्पॉन्सरशिप प्रमाणपत्र) काढून देतो म्हणतो. पुण्याची जुनी कंपनी म्हणते, परत ये, आम्हीच तुला यूकेला पाठवू. मावशीने स्लाउच्या, पीआर असलेल्या मुलाचं स्थळ आणलं आहे. डोक्यावर 28 लाखांचं शैक्षणिक कर्ज आहे, त्रिमूर्तीनगरचं घर तारण आहे, बाबा वीज कंपनीतून निवृत्त झाले आहेत आणि धाकट्या भावाचं लग्न नेमकं फेब्रुवारीत आहे. तिचा प्रश्न असा: "तीन वर्षं झाली, अजून दोन काढली की पाच होतात आणि सेटल. ही दोन वर्षं कोणत्या व्हिसावर काढू?"

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रात चार पर्याय आहेत आणि चारही तू नीट मांडले आहेस. माझी अडचण त्यांच्या आधीच्या वाक्याशी आहे. "तीन वर्षं झाली, अजून दोन" हे वाक्य मी आधी खोडणार आहे. वाईट वाटेल, पण फेब्रुवारीत सही करण्याआधी वाटलेलं बरं.

यूकेचा आयएलआर, म्हणजे आपण ज्याला सरसकट पीआर म्हणतो तो, स्किल्ड वर्कर मार्गाने पाच वर्षांनी मागता येतो. पण ती पाच वर्षं त्या मार्गावरची लागतात. स्टुडंट व्हिसावरचा काळ त्यात धरत नाहीत. ग्रॅज्युएट व्हिसावरची दोन वर्षंही धरत नाहीत. आपल्याकडच्या ऑटोसारखं झालं हे: गाडी तीन वर्षं धावली, मीटर पडलाच नाही. तुझी मोजणी ज्या दिवशी स्किल्ड वर्कर व्हिसा मिळेल त्या दिवशी शून्यापासून सुरू होईल.

दहा वर्षं सलग कायदेशीर वास्तव्य असा वेगळा मार्ग आजवर आहे आणि त्यात विद्यार्थीदशाही मोजतात, हे तुला कोणीतरी सांगेलच. ते खरं आहे. पण सरकार सध्या स्थायिक होण्याची सगळी व्यवस्थाच बदलायला निघालं आहे, तेव्हा त्या मार्गाच्या भरवशावर आखणी करू नकोस.

हे बदलाचं प्रकरण काय आहे? मे 2025 च्या श्वेतपत्रिकेत ब्रिटिश सरकारने पाचाची दहा वर्षं करायचा इरादा जाहीर केला. नोव्हेंबरमध्ये तपशील मांडून लोकांची मतं मागवली. प्रस्तावानुसार दहा वर्षं हा सर्वसाधारण हिशेब, आणि जास्त कमावणाऱ्यांना सूट: तीन वर्षं सलग 50,270 पौंडांच्या वर मिळवणाऱ्याला पाच वर्षं कमी. जे आधीपासून तिथे आहेत पण ज्यांना आयएलआर मिळालेला नाही, त्यांनाही हे लागू करायचा विचार आहे. मी हे उत्तर डिसेंबर 2025 मध्ये लिहिते आहे. अंतिम नियम वेगळे येऊ शकतात. पण आज आखणी करताना "दोन वर्षं" हा आकडा डोक्यातून काढ आणि "पाच, कदाचित दहा" असा धर. मग बघ, तुझा प्रश्नच बदलतो. दोन वर्षं माणूस कशीही, दात-ओठ खाऊन काढू शकतो. दहा वर्षं कशीही काढता येत नाहीत.

आता तुझ्या कंपनीचा प्रस्ताव. तो तुला सगळ्यांत फिका वाटतो, मला तोच सगळ्यांत कामाचा वाटतो. त्यात एक खाच आहे, ती मात्र कोणी सांगितलेली दिसत नाही.

22 जुलै 2025 पासून स्किल्ड वर्करसाठी किमान पगार 41,700 पौंड झाला. मग 34,500 वर कंपनी तुला कशी घेते? तू ग्रॅज्युएट व्हिसावरून येतेस म्हणून 'न्यू एन्ट्रंट' धरली जातेस. त्या सवलतीत किमान पगार 33,400 पौंड आणि तुझ्या कामासाठी सरकारने ठरवलेल्या दराचे 70 टक्के, यांत जे जास्त ते लागतं. इथवर ठीक. पण ही सवलत एकूण चार वर्षांचीच आहे आणि त्या चारांत ग्रॅज्युएट व्हिसाची वर्षंही मोजतात. म्हणजे जी दोन वर्षं आयएलआरसाठी धरत नाहीत, तीच इथे वजा करायला मात्र धरतात! तुझ्याकडे उरली दोन. फेब्रुवारी 2028 च्या सुमारास व्हिसा वाढवताना तुला पूर्ण पगार दाखवावा लागेल: त्या वेळची किमान रक्कम किंवा सिव्हिल इंजिनिअरचा ठरलेला दर, यांतला मोठा आकडा. आजच्या हिशेबाने 34,500 वरून किमान 41,700, म्हणजे दोन वर्षांत 7,200 ची वाढ. ती झाली नाही तर मोजणीची दोन वर्षं हातात असून परत यावं लागेल.

म्हणून एचआरला विचारायचा प्रश्न "व्हिसा द्याल का" हा नाही, तो ते देतच आहेत. विचारायचं ते असं: "माझी न्यू एन्ट्रंटची मुदत 2028 मध्ये संपते. तेव्हा पूर्ण दराने मला पुन्हा स्पॉन्सर करायची कंपनीची तयारी आहे का, आणि त्या पगाराला पोचायला माझ्याकडून काय हवं?" मेलवर विचार. चहा पिताना विचारलं तर "वुई विल सी" ऐकून येशील आणि आईला फोनवर "हो म्हणाले" असं सांगशील. मेलला उत्तर गुळमुळीत आलं तरी नोकरी सोडू नकोस. मोजणी सुरू करायला ती पुरेशी आहे आणि पाचही वर्षं एकाच मालकाकडे काढायची सक्ती नाही. स्किल्ड वर्करवर राहून स्पॉन्सर बदलला तर आधीचा काळ वाया जात नाही. फक्त दर वेळी नवी सीओएस, नवा अर्ज, नवी फी, आणि नवा व्हिसा मंजूर झाल्याशिवाय नव्या ठिकाणी रुजू होता येत नाही. म्हणजे दुसरी कंपनी शोधायची तर 2027 च्या सुरुवातीपासून शोधायची. शेवटच्या तीन महिन्यांत शोधणाऱ्या माणसाला एजंट सापडतात.

एजंटवरून धरमपेठ. त्या साहेबांचं ऑफिस मी पाहिलेलं नाही, पण अशी ऑफिसं पाहिली आहेत. काचेचं दार, भिंतीवर बिग बेन, टेबलावर पेढ्यांचा डबा, आणि "करून देतो न, टेन्शन नका घेऊ" हे पालुपद. तू लिहितेस, "जरा महाग आहे पण पक्कं आहे." सीओएस ही मालकाने गृहखात्याच्या संगणकप्रणालीतून द्यायची एक क्रमांकित नोंद असते. तिचं सरकारी शुल्क 525 पौंड, म्हणजे साठ-बासष्ट हजार रुपये. तेसुद्धा मालकानेच भरायचं. 31 डिसेंबर 2024 पासून हा खर्च कामगाराकडून वसूल करायला स्किल्ड वर्कर मार्गात थेट मनाई आहे. मग 14 लाख कशाचे?

ते बहुतेक अशा नोकरीचे असतात, जी कागदावरच असते. पगार खात्यात येतो, त्यातला काही भाग रोखीने परत द्यावा लागतो. एक दिवस त्या कंपनीचं स्पॉन्सर म्हणून मिळालेलं लायसन्स रद्द होतं आणि तुला सर्वसाधारणपणे 60 दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोध किंवा देश सोड असं पत्र येतं. खोटी माहिती दिल्याचा ठपका बसला तर दहा वर्षांची बंदी येऊ शकते. "पण ती कंपनी गव्हर्नमेंटच्या यादीत आहे" असं एजंटने दाखवलं असेल. लायसन्स असलेल्या स्पॉन्सरांची यादी गव्ह.यूकेवर खरंच जाहीर असते, ती जरूर पाहावी. पण यादीत नाव म्हणजे लायसन्स आहे, एवढंच. नोकरी खरी आहे का, हे ती यादी सांगत नाही.

आणखी एक. परदेशी नोकरीसाठी भारतातून भरती करणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते आणि त्याने उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काला मर्यादा आहे: 30,000 रुपये अधिक जीएसटी. नोंदणी ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. बाबांना सांग, त्या ऑफिसात जाऊन फक्त नोंदणी क्रमांक मागा. पुढचं संभाषण कसं जातं ते मला कळव, मला खरंच उत्सुकता आहे.

पुण्याच्या कंपनीबद्दल थोडक्यात. ते ज्या व्हिसावर पाठवतील तो बहुधा ग्लोबल बिझनेस मोबिलिटीचा सीनिअर ऑर स्पेशलिस्ट वर्कर असेल. त्यासाठी, फार मोठा पगार नसेल तर, आधी इकडच्या शाखेत 12 महिने काम केलेलं असावं लागतं. आणि त्या व्हिसावर आयएलआर मिळत नाही. कितीही वर्षं काढ. अनुभव आणि पैसा हवा असेल तर चांगला मार्ग आहे, राहायचं असेल तर नाही. आपल्याकडची कितीतरी मुलं "ऑनसाइट आहे, हळूहळू होईल पीआर" या समजुतीत चार-चार वर्षं काढतात.

स्लाउचं स्थळ. त्या मार्गाला पार्टनर व्हिसा म्हणतात, आणि त्याचीही पाच वर्षं वेगळी, पहिल्या दिवसापासून. स्किल्ड वर्करची वर्षं त्यात मिसळत नाहीत. किमान 29,000 पौंडांचं उत्पन्न दाखवावं लागतं. पण मला काळजी नियमांची नाही. या व्हिसावर तुझं तिथलं राहणं त्या लग्नाच्या टिकण्याशी बांधलेलं असतं. भांडण झालं तर बॅग भरून माहेरी जाण्याची सोय आपल्या मुलींना असते, तिथे ती बॅग थेट विमानतळावर जाते. मुलगा चांगला असेल तर जरूर भेट, बोल, दोनदा-चारदा भेट. फक्त व्हिसाची तारीख डोक्यावर असताना होकार देऊ नकोस. आपला व्हिसा आपल्या नोकरीवर असताना दिलेला होकार वेगळा असतो, आणि मुलालाही तो फरक कळतो.

भावाच्या लग्नाचं मात्र सुटण्यासारखं आहे. तिथूनच अर्ज केलास आणि निकालाआधी देश सोडलास तर अर्ज मागे घेतला असं धरतात. देशातून केलेल्या अर्जाला साधारण आठ आठवडे लागतात. पण 500 पौंड जास्त भरले तर पाच कामकाजी दिवसांत, 1,000 भरले तर पुढच्या कामकाजी दिवशी निकालाची सोय आहे. कंपनीला सीओएस जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात द्यायला सांग, ती मिळाल्यापासून तीन महिने वापरता येते. अर्ज कर, निकाल घे, मग तिकीट काढ. हळदीला पोचशील. अर्ज ग्रॅज्युएट व्हिसा संपण्याआधी गेला पाहिजे, एवढं मात्र काटेकोर पाळ. वेळेत गेलेल्या अर्जाचा निकाल उशिरा आला तरी तोवर तुझं राहणं आणि काम करणं कायदेशीर असतं.

खर्चाची तयारी ठेव: दोन वर्षांसाठी व्हिसा फी 885 पौंड आणि आरोग्य अधिभार वर्षाला 1,035, म्हणजे 2,070. एकूण साडेतीन लाखांच्या घरात. हे कंपनी भरू शकते, पण भरलंच पाहिजे असं नाही. विचारायला लाजू नकोस.

आता कर्ज. पत्रात ते तू शेवटी, एका ओळीत लिहिलंस. मला वाटतं तुझ्या सगळ्या निर्णयांच्या मुळाशी तेच आहे. "इथेच राहायचं" असं तू सहा वेळा लिहिलंस, का राहायचं ते एकदाच, आणि तेही "परत आले तर घराचं काय" असं. 28 लाख, दहा वर्षं, 11 टक्के धरले तर हप्ता अडतीस हजार पाचशेच्या आसपास येतो. तिथे 34,500 पौंडांवर कर आणि नॅशनल इन्शुरन्स वजा जाता, पेन्शनची कपात सोडून, महिना 2,360 पौंडांच्या जवळपास हातात येतात आणि हप्ता त्यातले सव्वातीनशे खातो. झेपतो. इथे परत आलीस तर तोच हप्ता पगाराचा मोठा लचका तोडेल, हे मी गोड करून सांगणार नाही. जुन्या करपद्धतीत व्याजावर कलम 80ई खाली आठ वर्षं वजावट मिळते, तेवढाच आधार.

पण यातून निघतं ते वेगळंच. कर्ज फिटायला तुला तिथे कायमचं राहावं लागत नाही. आयएलआरची गरज नसलेली दोन वर्षं नीट वापरलीस, मुद्दल जोरात कमी केलंस, तरी घरावरचं ओझं बरंच उतरेल. मग 2028 मध्ये राहायचं की नाही हे तू भीतीने ठरवणार नाहीस. परत येणाऱ्या सिव्हिल इंजिनिअरला आपल्याकडे काम नाही असंही नाही. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचे 701 किलोमीटर जून 2025 मध्ये पूर्ण झाले, नागपूर मेट्रोचा दुसरा टप्पा चालू आहे. लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सची चार्टर्ड पात्रता मिळवायची तयारी आत्ताच सुरू कर. तिला वेळ लागतो, पण ती तिथे पगार वाढवायला उपयोगी आणि इथेही वजनदार. या यादीतली हीच एक गोष्ट आहे जी कोणताही गृहमंत्री काढून घेऊ शकत नाही.

बाबांशी बोल. तू लिहितेस, ते दर रविवारी विचारतात, "कधी येऊन राहिली?" आणि तू "पीआर झालं की" म्हणतेस. त्यांच्या हिशेबात ते दोन वर्षांनी आहे. घर त्यांनी तारण ठेवलं आहे, खरा आकडा कळायचा त्यांचा हक्क आहे. लग्नाच्या गर्दीत नको, पाहुणे गेल्यावर दोन दिवस राहून बोल. वीज कंपनीत आयुष्य काढलेला माणूस आहे, मीटरचं त्यांना कळेल.

बाकीच्या वाचकांसाठी, कारण अशी पत्रं कॅनडा-अमेरिकेतूनही येतात: देश कोणताही असो, व्हिसा बदलण्याआधी त्याची मुदत किती याहून हा काळ पीआरच्या हिशेबात धरतात का, हे आधी बघा. कॅनडात पूर्णवेळ शिकत असताना केलेली नोकरी कॅनेडियन एक्सपीरियन्स क्लास या, तिथल्या अनुभवावर पीआर देणाऱ्या मार्गासाठी धरत नाहीत आणि शिक्षणानंतरचा वर्क परमिट आयुष्यात एकदाच मिळतो, त्यामुळे तो कुठल्या नोकरीत खर्च करता याला महत्त्व आहे. अमेरिकेत एल-1 (कंपनीने बदली करून पाठवल्याचा व्हिसा) वरून एच-1बी (नोकरीचा व्हिसा) वर गेलात तर एल-1 ची वर्षं एच-1बी च्या सहा वर्षांतून वजा होतात. आणि ग्रीन कार्डला देशनिहाय 7 टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग वेगळीच लांब आहे. तिथे मालकाने तुमच्या ग्रीन कार्डसाठी केलेला आय-140 अर्ज मंजूर होणं ही महत्त्वाची पायरी, ती चढल्याशिवाय नोकरी बदलायची घाई नको.

मैत्रिणी, तुला एक शेवटचं काम. प्रवासाच्या तारखांची एक वही कर. सध्याच्या नियमात कोणत्याही 12 महिन्यांत 180 पेक्षा जास्त दिवस देशाबाहेर राहिलीस तर मोजणी तुटते, आणि पाच वर्षांनी तारखा आठवत नाहीत. पगारपत्रकं, पी60 (वर्षभराच्या पगाराचा आणि कराचा दाखला), सीओएसचे क्रमांक, ई-व्हिसाचे स्क्रीनशॉट एका ठिकाणी ठेव. मग जानेवारीत एका तासाचा सशुल्क सल्ला घे, तिथल्याच सॉलिसिटरचा किंवा इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराचा. नोंदणी नसताना असा सल्ला देणं तिथे गुन्हा आहे. कंपनीचं पत्र आणि एचआरचा मेल बरोबर ने, 2028 चा प्रश्न त्यांनाही विचार, आणि दिलेल्या पैशांची पावती घे.